वर्गात तेच पाच हात वर होतात. ऑनलाइन साधनांनी काही फरक पडतो का?

खडूची_धूळ

नमस्कार मंडळी. मी माध्यमिकच्या वर्गांना विज्ञान शिकवते. वर्ग मोठे आहेत. प्रश्न विचारला की तेच पाच हात वर होतात. बाकीचे वहीत डोकं घालतात, किंवा माझी नजर त्यांच्या रांगेकडे वळली की नेमकं कुणाचं तरी पेन खाली पडतं. "समजलं का?" म्हटलं की एका सुरात "होऽऽ". चाचणीचे पेपर तपासायला घेतले की त्या "हो"ची किंमत कळते.

आता वर्गात स्क्रीन आली आहे, संगणक कक्षही अधूनमधून मिळतो. सहकारी सुचवतात, मेंटिमीटरवर मतदान घे, पॅडलेटच्या सामायिक भिंतीवर लिहायला लाव, कहूटची प्रश्नमंजूषा खेळव, गूगल क्लासरूम या ऑनलाइन वर्गावर चर्चा टाक. थोडंफार करूनही पाहिलं. मुलं खूश होतात हे खरं, पण खूश होणं आणि बोलायला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तर प्रश्न असा, की या साधनांनी वर्गातला संवाद वाढतो, की ती संवादाचीच जागा घेऊन बसतात? शिक्षक, पालक, नुकतेच शाळेतून सुटलेले, सगळ्यांनी लिहा. ॲपची जाहिरात नको, अनुभव हवेत.

मागचा_बाक

पेन पाडणाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून हजेरी लावतो. ताई, पेन उचलायला किती वेळ लावायचा याचंही शास्त्र आहे. फार लवकर वर आलात की नजरेत सापडता, फार उशीर केलात की "काय शोधतोयस रे?" होतं.

भिंगरी

+१. आमच्यात चष्मा पुसायची पद्धत होती. काच स्वच्छ होईपर्यंत प्रश्न दुसऱ्याकडे गेलेला असायचा.

आकडेमोड

गणित शिकवतो, त्यामुळे पेनं मीही पुष्कळ पाडली आहेत (म्हणजे माझ्या प्रश्नांनी).

साधनांच्या आधी एक साधी गोष्ट. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात, असं तिला दिसलं. तोच वेळ तीन सेकंदांच्या वर नेला तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, "माहीत नाही" म्हणणारे कमी होतात आणि एरवी गप्प बसणारेही बोलतात. तीन सेकंद म्हणजे फार नाहीत असं वाटेल, पण गप्प वर्गासमोर उभं राहून मोजून बघा. युगं लोटतात.

आता साधनांकडे येतो. माझ्या मते त्यांचा खरा उपयोग एवढाच, की ती शिक्षकाला थांबायला लावतात. स्क्रीनवर "अजून बारा जणांचं उत्तर यायचंय" दिसत असताना तुम्ही पुढे पळू शकत नाही. आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं न ऐकता आपलं काहीतरी ठरवावं लागतं. हात वर करण्याच्या पद्धतीत पहिला हुशार हात वर गेला की बाकीच्यांचं डोकं रजेवर जातं.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून हेच करत आले. संकल्पनेवरचा एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचं. साधारण तीस ते सत्तर टक्के बरोबर आले तर उत्तर सांगायचंच नाही. शेजाऱ्याला पटवून द्या म्हणायचं आणि पुन्हा मतदान घ्यायचं. संवाद होतो तो त्या मधल्या दोन-तीन मिनिटांत. मतदानाचं यंत्र हे निमित्त.

नमुना म्हणून एक घ्या. पेल्यात पाणी, त्यावर बर्फाचा खडा तरंगतोय. बर्फ वितळल्यावर पाण्याची पातळी वाढेल, घटेल, की तेवढीच राहील? गूगल न करता एकेक अक्षर लिहा. अ, ब, क.

उंटावरचा_शहाणा

अ. वाढणार. बर्फाचं पाणी होणार, ते पेल्यातच पडणार, दुसरीकडे कुठे जाणार?

भिंगरी

ब. बर्फ पाण्यापेक्षा जास्त जागा व्यापतो. वितळला की आकसतो. म्हणून घटणार.

तळटीप

क. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. बर्फ वितळून होणाऱ्या पाण्याचं वजन तेवढंच, म्हणजे पाण्याखालच्या भागाने जेवढी जागा अडवली होती नेमकी तेवढीच ते पाणी भरतं. भिंगरीताई म्हणतात तसा बर्फ आकसतो, पण आकसतो तो वर डोकावणाऱ्या भागाइतकाच.

उंटावरचा_शहाणा

पटलं नाही. मग ध्रुवावरचा बर्फ वितळून समुद्र वाढतो म्हणतात ते काय?

तळटीप

तो जमिनीवरचा बर्फ हो दादा! हिमनद्यांचा, ग्रीनलँडचा, अंटार्क्टिकाचा. तो आधी पाण्यात नव्हताच.

मीठमसाला

पेल्यात खारं पाणी असेल तर? 😈

तळटीप

तर पातळी किंचित वाढेल. खारं पाणी जड, म्हणून तेवढंच वजन पेलायला कमी घनफळ बाजूला सरतं. वितळलेलं गोडं पाणी मात्र त्याहून जास्त जागा घेतं. उंटदादा, खुश? तुमच्या "अ"ला मिठाच्या पाण्यात जागा आहे.

मीठमसाला

आणि बर्फात खडा अडकलेला असेल तर?

आकडेमोड

बर्फासकट तरंगत असेल आणि वितळल्यावर खडा तळाला गेला, तर पातळी घटेल. आता बस्स. मूळ प्रश्न साधनांचा आहे.

मागचा_बाक

धागा पाण्यात गेला. पातळी तेवढीच राहिली. 😄

अबोली

सहसा वाचनमात्र असते, पण या विषयावर लिहावंसं वाटलं.

मी अडखळत बोलते. लहानपणापासून. वर्गात उत्तर येत असायचं, पण पहिलं अक्षर बाहेर यायचं नाही. शिक्षक भले होते, "सावकाश बोल" म्हणायचे. त्या शब्दांनी सगळा वर्ग वळून बघायचा आणि उरलंसुरलंही घशात अडकायचं. मग "येत नाही" म्हणणं सोपं पडायचं. दोनच शब्द, आणि सुटका.

कॉलेजात काही तास ऑनलाइन झाले, तेव्हा चॅटमध्ये लिहायला लागले. एका प्राध्यापकांची एक सवय मला फार आवडायची. लिहिलेलं उत्तर ते वाचून दाखवायचे, पण कुणी लिहिलं ते सांगायचे नाहीत. "एक मत असं आलंय, यात कुणाला भर घालायचीय?" माझं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून वर्गात ऐकू येणं, त्यावर दोघांनी वाद घालणं, आणि मग मला न राहवून माईक चालू करणं. अडखळले तेव्हाही. पण तोवर मुद्दा पोचलेला होता, त्यामुळे अडखळण्याची भीती निम्मी झाली होती.

खडूचीधूळताई, म्हणून तुमच्या "जागा घेऊन बसतात का" याला माझ्यापुरतं उत्तर "नाही" असं आहे. पण ते चॅटमुळे की त्या सरांच्या सवयीमुळे, हे मलाही सांगता येणार नाही.

रोखठोक

अबोली, तुमच्याबद्दल पूर्ण आदर राखून वेगळं मत मांडतो. तुमच्यासाठी चॅट हा जिना झाला. माझ्या वर्गातल्या (कनिष्ठ महाविद्यालय) पुष्कळ मुलांसाठी ती लपायची जागा आहे. बोलायला काहीही अडचण नसलेली मुलं वर्गात समोर बसून फोनवर टाइप करतात. निनावी पाटी मिळाली की विनोद सुरू. शब्दमेघ केला होता, "आजच्या पाठातला महत्त्वाचा शब्द लिहा". ज्या शब्दाला जास्त मतं तो मोठा दिसतो. मधोमध फळाभर अक्षरात काय आलं? "सुट्टी".

आणि उद्या मुलाखतीला, तोंडी परीक्षेला, कामाच्या ठिकाणी चॅट कुठून आणणार? बोलायची सवय बोलूनच लागते.

अबोली

पहिल्या पायरीलाच जिना म्हणता येत नाही, हे खरं. पण पायरी काढून घेतली तर मुलं वर चढतील असंही नाही.

कागदपेन्सिल

रोखठोक, "सुट्टी" हा प्रामाणिक प्रतिसाद होता असं माझं नम्र मत. 😀

गंमत बाजूला. निनावी ठेवायचं तर दोन पातळ्या असतात. मुलांना एकमेकांची नावं दिसू नयेत, पण शिक्षकाला दिसावीत. बहुतेक दंगा एवढ्यानेच थांबतो. पॅडलेटमध्ये शिक्षकाने मंजूर केल्याशिवाय मजकूर भिंतीवर येऊच नये अशी सोय आहे, मुलांचे प्रश्न गोळा करणाऱ्या स्लायडोतही प्रश्न आधी चाळता येतात. स्लायडोत मुलं एकमेकांच्या प्रश्नांना मतंही देऊ शकतात. "मलाही हेच विचारायचं होतं" हे एका टिचकीत सांगता येतं. मला ते सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण गप्प मुलाला आपण एकटेच ढ आहोत असं वाटत असतं, ते तिथे खोटं ठरतं.

मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायची प्रणाली) वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. त्यातल्या चर्चापीठाचा प्रश्नोत्तर प्रकार निवडला तर स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसत नाहीत. "मी वरच्यांशी सहमत" छाप उत्तरांचा बंदोबस्त होतो.

उंटावरचा_शहाणा

वरच्यांशी सहमत.

जुनं_खोड

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. शिकवण्यासाठी संगणक वापरायची कल्पना आजची नाही. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये 'प्लेटो' नावाची प्रणाली सुरू झाली. हेतू असा, की विद्यार्थी यंत्रासमोर बसून आपल्या गतीने धडे शिकेल. १९७३ मध्ये त्यावर 'प्लेटो नोट्स' नावाचा संदेशफलक आणि 'टॉकोमॅटिक' नावाची गप्पांची खोली तयार झाली. टॉकोमॅटिकमध्ये समोरचा टाइप करतोय ते अक्षर अक्षर दिसायचं, खोडलेलंसुद्धा. धडे शिकायला दिलेल्या यंत्रावर लोक एकमेकांशी गप्पा मारत बसले. मला तर यात रोखठोक यांच्या तक्रारीचं आणि अबोली यांच्या अनुभवाचं, दोन्हीचं मूळ दिसतं.

दोन_मुलांची_आई

पालक म्हणून लिहिते. वर्गातल्या संवादाबरोबर शाळा आणि घर यांच्यातला संवादही बघा हो. व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सूचना येते आणि खाली हात जोडलेल्या सत्तर चिन्हांची रांग लागते. सूचना शोधायची तर वर सरकत सरकत जायचं. आम्ही शाळेला विनंती केली की सूचनांचा ग्रुप फक्त ॲडमिनने लिहायचा करा, शंकांना वेगळी जागा ठेवा. केलं. फार बरं झालं.

दुसरं, घरी फोन एकच असेल आणि तो संध्याकाळी उशिरा घरी येत असेल, तर "आज आठपर्यंत क्लासरूमवर चर्चेत भाग घ्या" याला अर्थ नाही. माझ्या धाकट्याला त्या चर्चेत भाग घेतला नाही म्हणून सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं. संवाद वाढवायला आणलेल्या साधनामुळे तो त्या तासाला पुढे महिनाभर बोलला नाही. चर्चा वर्गातच, तासातच करा. घरी नेऊ नका.

रोखठोक

+१०० दुसऱ्या मुद्द्याला.

नुकतीच_सुटले

शाळेतून सुटून फार दिवस झाले नाहीत, म्हणून विद्यार्थ्यांची बाजू मांडते.

वेगावर गुण देणारी प्रश्नमंजूषा खेळायला मजा येते, पण तिथे विचार कुणीच करत नाही. रंग दिसला की दाबायचं. कहूटमध्ये बरोबर उत्तर जितकं लवकर द्याल तितके जास्त गुण मिळतात, म्हणून वाचायच्या आधी दाबणारे पुढे. आमच्या एका बाईंनी गुण बंद केले, वेळ वाढवला आणि प्रत्येक प्रश्नानंतर "चुकीच्या पर्यायातला सगळ्यात आकर्षक कोणता, आणि का?" असं विचारायला लागल्या. तेव्हा चुकलेल्यांना बोलायला जागा मिळाली. चुकीच्या पर्यायाची वकिली करायला सगळ्यांनाच आवडतं.

आणि शिक्षकहो, टोपणनावं आम्हाला निवडू देऊ नका. खरंच नका. त्यात यादृच्छिक नावं देण्याची सोय असते, ती वापरा.

मागचा_बाक

हिने आमची सगळी गुपितं फोडली.

फुकटचंबाबुराव

एक सावधगिरीची सूचना. या साधनांचा भरवसा धरू नका. शाळांसाठीचं एडमोडो २०२२ मध्ये बंद झालं. गूगलचा डिजिटल फळा जॅमबोर्ड २०२४ च्या शेवटी गेला. व्हिडिओतून उत्तरं द्यायचं फ्लिपग्रिड मायक्रोसॉफ्टने घेतलं, 'फ्लिप' असं नाव ठेवलं आणि २०२४ मध्ये त्याचं वेगळं ॲप आणि संकेतस्थळ बंद केलं. ज्यांनी वर्षभराचं काम तिथे मांडलं होतं त्यांनी वेळेत उतरवून घेतलं असेल अशी आशा करू या. मी तर प्रत्येक प्रश्न आधी साध्या फाइलमध्ये लिहितो, मग हव्या त्या साधनात चिकटवतो.

आणि मुलांची पूर्ण नावं, फोटो, जन्मतारखा कुठेही भरू नका. हजेरी क्रमांकावर सगळं भागतं.

आकडेमोड

बाबुराव, चांगला मुद्दा. माझूर यांच्या पद्धतीवर नॅथॅनिएल लॅस्री यांनी केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला इलेक्ट्रॉनिक क्लिकर (उत्तराचं बटण दाबायचं हातातलं यंत्र), दुसऱ्याला नुसती अक्षरांची कार्डं. शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. क्लिकरचा फायदा शिक्षकाला, नोंदी आपोआप राहतात म्हणून. त्यामुळे ज्यांच्याकडे उपकरणं नाहीत त्यांनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

खडूची_धूळ

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी! मध्यंतरी गप्प होते कारण करून बघत होते. सांगते.

मुलांकडे फोन नाहीत आणि वर्गात फोन नकोच आहेत. म्हणून प्लिकर्स निवडलं. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड, त्यावर काळ्या चौकटीची आकृती. कार्ड कुठली बाजू वर करून धरलं त्यावर उत्तर ठरतं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की सगळ्यांची उत्तरं नोंदली जातात. अक्षरं इतकी बारीक छापलेली असतात की शेजाऱ्याला दिसत नाहीत, आणि प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी, त्यामुळे नक्कलही करता येत नाही.

प्रश्न विजेचा घेतला. एक बॅटरी, एक बल्ब, दोन तारा. विद्युतधारा बल्बच्या आधीच्या तारेत जास्त, नंतरच्या तारेत जास्त, की दोन्हीकडे सारखी? हा पाठ आमचा शिकवून झाला होता. "समजलं का"ला "होऽऽ" येऊन गेलं होतं. निम्म्याहून जास्त वर्ग म्हणाला, आधीच्या तारेत जास्त, कारण बल्ब ती "खातो".

आकडेमोड सरांचं ऐकून उत्तर सांगितलं नाही. आलेखही दाखवला नाही, कारण बहुमत दिसलं की मुलं तिकडे सरकतात. शेजाऱ्याला पटवा म्हटलं. पहिला अर्धा मिनिट कुजबुज, मग बाजार. मी बाकांमधून हिंडत ऐकत होते. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी, जिचा आवाज मला फक्त हजेरीला ऐकू येतो, शेजारणीला म्हणत होती, "सारखी असेल तर मग बॅटरी संपते कशी?"

पाठ्यपुस्तकात शोधून सापडणार नाही इतका चांगला प्रश्न. मी तो फळ्यावर लिहिला, अबोली यांच्या सरांसारखाच, नाव न घेता. उरलेला तास त्यावरच गेला. धारा सारखी राहते, खर्च होते ती ऊर्जा, हे शेवटी मुलांनीच मांडलं. माझं टाचण तसंच राहिलं. पोर्शन मागे पडला. मुख्याध्यापकांना काय सांगायचं ते बघते.

दुसऱ्या मतदानात बहुतेक कार्डं बरोबर फिरली. सगळी नाही.

अबोली

त्या मुलीला पुढे बोलतं केलंत का?

खडूची_धूळ

मुद्दाम नाही. तास संपल्यावर कार्ड परत देताना तिला म्हटलं, "प्रश्न छान होता." तिने मान डोलावली आणि गेली. घाई करणार नाहीये.

रोखठोक

हे मान्य. इथे साधन तासाच्या मध्ये आलं आणि बाजूला झालं. माझी तक्रार होती ती तासभर स्क्रीन चालू ठेवणाऱ्यांबद्दल. एक शंका मात्र राहतेच. बहुपर्यायी प्रश्नांत हे जमतं. भाषेच्या तासाला काय करायचं? कवितेला अ, ब, क, ड नसतात.

कागदपेन्सिल

मी भाषाच शिकवते. पर्याय द्यायचे, पण बरोबर एकच ठेवायचा नाही. "या ओळीतला बोलणारा रागावलाय, थकलाय, की थट्टा करतोय?" मतदान घ्यायचं आणि प्रत्येक गटाने कवितेतला शब्द पुरावा म्हणून दाखवायचा. लिहून घ्यायचं असेल तर फोनवर बोलून टाइप करायची सोय मराठीतही आहे, अक्षरं शोधण्यात वेळ जात नाही. फक्त एकदा वाचून बघा, कवीची "कवडी" होते कधीकधी.

दोन_मुलांची_आई

एक विचारू? ही सगळी उत्तरं, नोंदी, आलेख, हे शिक्षक नंतर बघतात का? आमच्याकडे मुलगा म्हणतो, "लिहितो आम्ही, पण कुणी वाचत नाही."

आकडेमोड

सगळं वाचणं शक्य नसतं, हे खरं सांगतो. मी तासाच्या शेवटी एकच प्रश्न देतो आणि उत्तरांचे तीन गठ्ठे करतो. जमलेले, एकाच प्रकारे चुकलेले, आणि काय लिहिलंय तेच कळत नाही असे. दुसऱ्या दिवशीचा तास मधल्या गठ्ठ्यापासून सुरू करतो, "काल बऱ्याच जणांनी असं लिहिलंय" म्हणून. दोन-तीनदा असं झालं की मुलांना कळतं, वाचलं जातंय. तिसऱ्या गठ्ठ्यातल्यांशी मात्र समोरासमोरच बोलावं लागतं, त्याला ॲप नाही.

खडूची_धूळ

हे उद्यापासूनच. सर, एक तांत्रिक प्रश्न: कार्डं मुलं चुरगाळतात, लॅमिनेट करून घेऊ का?

कागदपेन्सिल

चकचकीत करू नका, दिव्याचा उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. मॅट मिळालं तर बघा, नाहीतर जाड कागदावर छापा. आणि कार्ड धरताना आकृतीवर बोटं येत नाहीत ना, ते पहिल्या दिवशीच दाखवा.

मीठमसाला

आणि बर्फात बूच अडकलेलं असेल तर?

तळटीप

तेवढीच राहील. बूच शेवटीही तरंगतंच. झोपा आता.